महानायकाचा दिग्दर्शक : शिवकालीन चित्रपटांच्या आधारे दिग्दर्शक-निवडीची चिकित्सा

सारांश

असामान्य पराक्रमी नायकाच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक निवडताना मागील व्यावसायिक यश आणि भव्य निर्मिती सांभाळण्याचा अनुभव हे दोनच निकष प्रामुख्याने लावले जातात. हे निकष अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. सिंहगडाच्या एकाच प्रसंगावर १९२३ ते २०२३ या शंभर वर्षांत निघालेले चित्रपट, तसेच ‘आदिपुरुष’, ‘छावा’ आणि ‘मुंज्या’ यांच्या आधारे येथे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, दिग्दर्शकाची योग्यता हा त्याच्या अंगचा कायमचा गुण नसून तो त्याच्या प्रतिभेचा आणि त्या विशिष्ट कथेचा परस्परसंबंध असतो.

बीजसंज्ञा : महानायकपट, दिग्दर्शक, निर्माता, लोकस्मृती, पोवाडा, तानाजी मालुसरे.

१. प्रस्तावना

एखाद्या मोठ्या चित्रपटाची घोषणा झाली की नायकाची भूमिका कोण करणार, याची चर्चा प्रथम होते. दिग्दर्शक कोण, हा प्रश्न त्यानंतर आणि पुष्कळदा चित्रपट पडल्यावरच विचारला जातो. महानायकपटाच्या बाबतीत तर ही उपेक्षा अधिकच जाणवते. ज्या नायकाचे बळ, वेग किंवा धैर्य सामान्य माणसाच्या पलीकडचे आहे आणि ज्याच्या पराक्रमावर समूहाचे रक्षण अवलंबून आहे, अशा नायकाभोवती रचलेला चित्रपट म्हणजे महानायकपट, अशी व्याख्या येथे गृहीत धरली आहे. अमेरिकी चित्रसृष्टीत हे नायक चित्रकथांच्या अंकांतून आले. मराठीत या जागेवर पोवाड्यातील, बखरीतील आणि कादंबरीतील वीर उभे आहेत.

येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. तानाजी मालुसरे किंवा छत्रपती संभाजी महाराज हे इतिहासपुरुष आहेत, कल्पित महानायक नव्हेत. महानायकपट ही त्यांची कथा सांगण्याची एक रीत आहे आणि गेल्या काही वर्षांत ती प्रबळ झाली आहे. या भेदातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. बॅटमॅनच्या प्रतिमेवर एका कंपनीचा हक्क आहे. ती कंपनी आपला अधिकार काही काळापुरता दिग्दर्शकाच्या हाती सोपवू शकते. तानाजीच्या प्रतिमेवर मात्र कोणा एकाचा हक्क नाही, म्हणूनच ती सर्वांची आहे. येथे दिग्दर्शक निवडणे म्हणजे समाजाच्या सामाईक ठेव्यासाठी विश्वस्त नेमणे होय. हा विश्वस्त चुकला तर त्याचे परिणाम तिकीटबारीपुरते मर्यादित राहत नाहीत.

रायगड जिल्ह्यातील अभ्यासकांना हा विषय परका वाटू नये. तानाजीचे उमरठ हे गाव याच जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात आहे. कुंडलिकेच्या तीरावरील रोहा-अष्टमी परिसर अवचितगड, सुरगड, घोसाळगड आणि तळगड यांच्या सान्निध्यात वसला आहे. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांच्या पालखीला पोलीस दलाकडून मानवंदना दिली जाते. रक्षणकर्त्या वीराशी असलेले नाते ज्या प्रदेशात केवळ वाचनाचे नसून नित्य आचरणाचे आहे, तेथील प्रेक्षक पडद्यावरील वीराकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहत नाही. त्याच्या मनात त्या वीराची एक प्रतिमा आधीच सिद्ध असते. या पूर्वसिद्ध प्रतिमेशी दिग्दर्शकाचे नाते काय, हाच प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे.

२. निवडीचा प्रश्न केव्हा निर्माण झाला?

मराठी चित्रपटाच्या प्रारंभकाळात दिग्दर्शकाची ‘निवड’ असा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता. बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला, तेव्हा कंपनीचे चालक, कलायोजक आणि दिग्दर्शक तेच होते. नाटकाचे पडदे रंगविण्यातून घडलेली त्यांची दृष्टी आणि हा विषय यांच्यामध्ये तिसरा कोणी उभा नव्हता. रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर या चित्रपटात केल्याची नोंद चित्रपटेतिहासात आढळते. सिंहगडाचा प्रसंग मुळातच रात्रीचा आहे. म्हणजे येथे तांत्रिक प्रयोग कथेच्या गरजेतून आला होता. या मूकपटात शेलारमामाची भूमिका करणाऱ्या व्ही. शांताराम यांनी दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीसाठी ‘सिंहगड’ बोलपटाच्या रूपात दिग्दर्शित केला. तेही कंपनीचे भागीदार होते. गुरूच्या हाताखाली तो विषय एकदा अंगावर घेऊन मग स्वतः मांडणे ही उमेदवारी होती, आणि उमेदवारी हीच निवड होती.

तथापि, याच प्रभातमध्ये योग्य निवडीचे एक लक्षणीय उदाहरणही आढळते. १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांनी केले. शांताराम यांच्यासारखा प्रभावी दिग्दर्शक संस्थेतच असताना हा चित्रपट दामले-फत्तेलाल यांच्या हातून घडला. शांताराम यांची शैली छायाप्रकाशाच्या नाट्याकडे आणि ठसठशीत प्रतीकांकडे झुकणारी होती. दामले-फत्तेलाल यांनी मात्र साधेपणाची वाट धरली. तुकारामाच्या कथेत चमत्कार आहेत, वैकुंठगमन आहे. अतिमानवी सामर्थ्याचे दर्शन हा या चित्रपटाचा भाग आहेच. परंतु ते चमत्कार विश्वसनीय वाटतात ते गौरी यांनी साकारलेल्या जिजाईमुळे. तिची म्हैस, तिची मुले, तिची देवावरची चिडचिड यांनी चित्रपटाला जमिनीशी घट्ट बांधून ठेवले आहे. नवरा वैकुंठाला जातो आणि बायको संसारात मागे राहते, या ताणातून चमत्काराला वजन प्राप्त होते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. अतिमानवी नायकाचा चित्रपट कोणाच्या हाती द्यावा, याचे उत्तर त्यात सूचित आहे : ज्याला चमत्काराइतकीच चुलीचीही जाण आहे, त्याच्या हाती.

निर्माता आणि दिग्दर्शक या भूमिका विभक्त झाल्या, भांडवल बाहेरून येऊ लागले आणि नटाची लोकप्रियता हेच तारण ठरू लागले, तेव्हा निवड हा स्वतंत्र व्यवहार बनला. आता कथा एकाची, पैसा दुसऱ्याचा, चेहरा तिसऱ्याचा आणि दिग्दर्शन चौथ्याचे, अशी स्थिती आहे. त्यामुळे ‘हाच का?’ या प्रश्नाला आज पूर्वीपेक्षा अधिक अर्थ प्राप्त झाला आहे.

३. एक गड, दोन दिग्दर्शक

४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडावरील लढाईवर अलीकडे तीन-साडेतीन वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट आले. ओम राऊत यांचा ‘तान्हाजी : द अनसंग वॉरिअर’ १० जानेवारी २०२० रोजी आणि दिग्पाल लांजेकर यांचा ‘सुभेदार’ २५ ऑगस्ट २०२३ रोजी प्रदर्शित झाला. प्रसंग एक, नायक एक, शेवटही एकच. बदलला तो मुख्यतः दिग्दर्शक आणि त्याच्या पाठीशी असलेले अर्थबळ. तुलनात्मक अभ्यासासाठी अशी अनुकूल सामग्री क्वचितच उपलब्ध होते.

राऊत यांचा यापूर्वीचा चित्रपट म्हणजे २०१५ चा ‘लोकमान्य : एक युगपुरुष’. तो चरित्रपट होता. त्यात युद्ध नव्हते. केवळ अनुभवाचा निकष लावला असता तर ‘तान्हाजी’ त्यांच्याकडे जाणे अवघडच होते. परंतु चरित्राला ठळक दृश्यांत बसविण्याची हातोटी त्या चित्रपटातही दिसते आणि तीच ‘तान्हाजी’मध्ये विस्तारली. या चित्रपटाची रचना पाहिली तर महानायकपटाचे सर्व घटक त्यात उपस्थित असल्याचे आढळते. बालपणी डोळ्यांदेखत झालेला पित्याचा मृत्यू, वेषांतर करून शत्रूच्या गोटात प्रवेश, व्यक्तिगत जखमेतून क्रूर झालेला प्रतिनायक आणि सर्वनाश घडवू शकणारे एक अस्त्र. ‘नागीन’ नावाची अजस्र तोफ कोंढाण्यावर चढवून तिचा रोख राजगडाकडे करण्याची कल्पना इतिहासाच्या कसोटीवर टिकणारी नाही. दोन्ही गडांमधील अंतर तोफेच्या पल्ल्याबाहेरचे आहे. तथापि, नाट्यदृष्ट्या ही तोफ एक काम चोख करते. ‘हा गड का घ्यावयाचा?’ या राजकीय प्रश्नाचे उत्तर ती एका दृश्यात देते आणि शेवटच्या अंकाला घड्याळ लावते.

या निवडीचे व्यावसायिक समर्थन तर झालेच, शिवाय २०२० च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लोकप्रिय व निकोप मनोरंजनासाठीचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला आणि अजय देवगण यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून देण्यात आला. मात्र याच चित्रपटात उदयभानाची भूमिका करणारे सैफ अली खान यांनी प्रदर्शनानंतर एका मुलाखतीत, चित्रपटातील इतिहासाची मांडणी आपल्याला पटलेली नाही, असे सांगितले. ही बाब किरकोळ मानता येणार नाही. दिग्दर्शकाने प्रतिनायकाला जो रंग दिला, त्यातून सतराव्या शतकातील सत्तासंघर्षाचे सरळ काळे-पांढरे चित्र उभे राहिले. उदयभान हा मोगलांच्या चाकरीतील राजपूत. एका हिंदू सरदाराने बादशहाच्या वतीने गड राखणे आणि दुसऱ्याने तो स्वराज्यासाठी घेणे, यातील गुंतागुंत हीच त्या काळाची खरी ओळख आहे. भव्यतेच्या शोधात ती निसटली.

लांजेकर यांची पार्श्वभूमी निराळी आहे. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२), ‘शेर शिवराज’ (२०२२) आणि ‘सुभेदार’ (२०२३) अशी ही मालिका ‘श्री शिवराज अष्टक’ म्हणून योजलेली आहे. तिची घडण रंगमंचाच्या संस्कारातून झाली आहे. संवादाला प्राधान्य, ठरलेला कलावंतसंच, पोवाडा-गोंधळ यांसारख्या लोकप्रकारांचा मुक्त उपयोग आणि निवेदनाचा कीर्तनी बाज ही तिची लक्षणे होत. ‘सुभेदार’मध्ये अजय पुरकर यांचा तानाजी जमिनीवरचा आहे. तो घरातला कर्ता पुरुष आहे, मुलाच्या लग्नाची तयारी करणारा बाप आहे. येथे प्रेक्षकाला भिडतो तो प्रसंग गड चढण्याचा नव्हे, तर लग्नघर मागे टाकून निघण्याचा. मर्यादित साधनांत उभारलेली लढाई पडद्यावर तोकडी दिसते, हे मान्य केले तरी माणसे तोकडी दिसत नाहीत.

परंतु या दृष्टीचीही एक मर्यादा आहे. लांजेकर यांचे नायकाशी नाते भक्ताचे आहे. भक्ताच्या लेखी नायक पहिल्या दृश्यापासून पूर्णत्वाला पोहोचलेला असतो. त्याला शंका येत नाही, त्याचे चुकत नाही, म्हणून तो बदलतही नाही. ‘पावनखिंड’सारख्या कथेत हे खपून जाते, कारण तेथे धावणे आणि उभे राहणे या दोनच क्रियांवर सर्व नाट्य पेललेले आहे. मालिका जसजशी पुढे जाते तसतसा मात्र प्रत्येक वीर मागच्या वीरासारखा बोलू लागतो. विधी पार पडतो, पण शोध थांबतो. एकाच श्रद्धेने आठ चित्रपट करणे ही निष्ठा आहे खरी. परंतु आठही विषयांना एकच दिग्दर्शक सारखाच योग्य असेल, हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे.

४. रिकाम्या जागा आणि भरलेल्या जागा

राऊत यांच्या पुढील चित्रपटाने हा प्रश्न अधिक तीव्र केला. १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेला ‘आदिपुरुष’ हा ‘तान्हाजी’च्या यशावर आधारलेल्या निवडीचा नमुना होय. दिग्दर्शक तोच, प्रतिनायकाच्या भूमिकेत नट तोच, चित्रसंस्कारांवरचा भर तोच आणि साधने कितीतरी मोठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये झलक प्रसिद्ध होताच दृश्यरचनेवर टीका झाली, प्रदर्शन जानेवारीवरून जूनवर गेले आणि प्रदर्शनानंतर संवादांवरून इतका असंतोष उसळला की काही संवाद चालू चित्रपटात बदलावे लागले. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही निर्मात्यांना कठोर शब्दांत सुनावले.

एकाच दिग्दर्शकाच्या बाबतीत तीन वर्षांत असे का घडावे? ‘त्यांची प्रतिभा ओसरली’ हे उत्तर सोपे आहे, पण समाधानकारक नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कारण कथांच्या स्वरूपात आहे. तानाजीविषयी लोकस्मृतीत दृढ असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत : रायबाचे लग्न, घोरपड, कडा, तुटलेली ढाल, कापलेले दोर आणि राजांचे शोकोद्गार. त्यांपैकी घोरपडीसारख्या गोष्टी प्रामुख्याने पोवाड्याच्या परंपरेतून आल्या आहेत. तानाजीचे बालपण, त्याचा चेहरा, त्याची बोलण्याची ढब यांविषयी परंपरा जवळजवळ मूक आहे. म्हणजे या कथेत रिकाम्या जागा विपुल आहेत. राऊत यांचे बलस्थान रिकाम्या जागा ठसठशीत दृश्यांनी भरण्याचे. तेथे ते फळले.

रामकथेत अशा रिकाम्या जागा फार थोड्या आहेत. रामाची मुद्रा, हनुमंताची वाणी, रावणाची विद्वत्ता यांच्या प्रतिमा कीर्तनांतून, रामलीलेतून, घरातील तसबिरींतून आणि १९८७-८८ मधील दूरदर्शनवरील मालिकेतून पिढ्यान्‌पिढ्या घट्ट झाल्या आहेत. भरलेल्या जागेवर नवे चित्र ठेवावयाचे तर जुने आधी पुसावे लागते, आणि ते पुसण्याचे कारण प्रेक्षकाला पटवून द्यावे लागते. बजरंगाच्या तोंडी रस्त्यावरची भाषा घालताना असे कोणतेही कारण दिले गेले नाही. ज्या गुणामुळे दिग्दर्शक पहिल्या कथेला योग्य ठरला, तोच गुण दुसऱ्या कथेत दोष ठरला.

यावरून एक सूत्र मांडता येईल. ज्या नायकाविषयी लोकस्मृती विरळ आहे, त्याला कल्पक दिग्दर्शक मानवतो; ज्याच्याविषयी ती दाट आहे, त्याला ऐकणारा दिग्दर्शक लागतो. ‘योग्य दिग्दर्शक’ असा निरपेक्ष प्राणी अस्तित्वात नसतो. मागील यश हे मागील कथेशी जमलेल्या नात्याचे प्रमाणपत्र असते, पुढील कथेसाठीची सनद नव्हे.

५. घरातून रणात : ‘छावा’

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेला ‘छावा’ याहून वेगळ्या निवडीचे उदाहरण आहे. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारित या चित्रपटासाठी निर्माते दिनेश विजन यांनी लक्ष्मण उतेकर यांना निवडले. उतेकर हे मूळचे छायालेखक. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) आणि ‘डियर जिंदगी’ (२०१६) यांचे छायालेखन त्यांचे आहे. दिग्दर्शक म्हणून ‘टपाल’ (२०१४), ‘लालबागची राणी’ (२०१६), ‘लुका छुपी’ (२०१९), ‘मिमी’ (२०२१) अशी त्यांची वाटचाल घरगुती, हळव्या आणि विनोदी कथांची आहे. त्यांत कोठेही तलवार नाही.

अशी निवड करण्यामागे जगभर रूढ झालेला एक विचार दिसतो. ‘मेमेंटो’सारखा स्मृतिभ्रंशाचा लहानसा चित्रपट करणाऱ्या क्रिस्टोफर नोलन यांच्याकडे २००५ मध्ये बॅटमॅन आला, तो त्यांना स्फोट घडविता येतात म्हणून नव्हे, तर भयग्रस्त मनाची रचना उलगडता येते म्हणून फळाला आला. आपल्याकडेही १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’चे दिग्दर्शक शेखर कपूर हे त्याआधी ‘मासूम’ (१९८३) या कौटुंबिक चित्रपटाचे दिग्दर्शक होते. अदृश्य होणाऱ्या नायकाची ती कथा आजही आठवते ती यंत्रामुळे नव्हे, तर अनाथ मुलांनी भरलेल्या त्या घरामुळे. नायक ज्याचे रक्षण करतो ते घर आधी दिसावे लागते. घर उभे करता येणारा दिग्दर्शक रणही उभे करू शकतो. उलट नेहमीच जमते असे नाही.

उतेकर यांच्या दृष्टीचे स्वाभाविक योगदान कोणते ठरले असते, याची खूण एका वगळलेल्या दृश्यात सापडते. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखविले होते. त्यावर आक्षेप घेण्यात आले आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकण्याचे जाहीर केले. तो निर्णय योग्य की अयोग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. राजाच्या प्रतिष्ठेविषयी संवेदनशील असणाऱ्यांची भावना खोटी होती, असेही म्हणता येणार नाही. परंतु समीक्षकाने हे नोंदविले पाहिजे की, ज्या दृष्टीसाठी या दिग्दर्शकाची निवड सार्थ ठरली असती, तिचाच एक अंश तेथे गळून पडला. नायक आपल्या माणसांत मिसळतो, त्याचे शरीर युद्धाखेरीज अन्य कशासाठीही हलते, ही जाणीव त्या दृश्यात होती. ती गेल्यावर उरलेल्या चित्रपटात महाराजांचे शरीर मुख्यतः दोन अवस्थांत दिसते : गर्जना करणारे आणि यातना सोसणारे. येसूबाईंसोबतच्या दृश्यांत उतेकर यांची मूळ ओळख क्षणभर डोकावते, पण शेवटचा दीर्घ यातनाप्रसंग तिला झाकून टाकतो.

पुढे जे घडले ते अधिक चिंतनीय आहे. गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणावरून शिर्के घराण्यातील वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. मार्च २०२५ मध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून हिंसाचार झाला, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत या चित्रपटाने औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा जागा झाल्याचे सांगितले. एका चित्रपटाला हिंसेचे एकमेव कारण मानणे अन्यायाचे होईल. दंगलीमागे नेहमी अनेक हात असतात. तरीही चित्रपटगृहातील अंधारात निर्माण केलेली भावना बाहेरच्या उजेडात येते, हे राज्याच्या सर्वोच्च व्यासपीठावरून मान्य झाले. यातनेचे चित्रण किती वेळ चालवावे, कॅमेरा कोठे थांबवावा, प्रेक्षकाला शोकाकडे न्यावे की सूडाकडे, हे सर्व निर्णय दिग्दर्शकाचे असतात. म्हणून त्याची निवड हा सामाजिक निर्णय आहे.

६. छोटा नायक, जवळचा दिग्दर्शक

महानायक नेहमी सिंहासनाजवळचाच असतो असे नाही. भा. रा. भागवत यांचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे हा मराठी बालवाङ्‌मयातील अस्सल देशी महानायक म्हणता येईल. त्याचे अस्त्र सायकल, त्याची शक्ती चौकस बुद्धी. २०१७ मध्ये रितेश देशमुख यांच्या निर्मितीत आदित्य सरपोतदार यांनी त्याला पडद्यावर आणले. अमेय वाघ यांनी साकारलेला हा फेणे वाढलेल्या वयाचा आहे आणि त्याची रहस्यकथा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराशी जोडलेली आहे. पुस्तकातील निरागसता त्यात काहीशी हरवली, पण नायकाला आजच्या पुण्यात उभे करण्याचे धाडस होते.

पुढे ‘झोंबिवली’ (२०२२) आणि ‘मुंज्या’ (२०२४) हे सरपोतदार यांचे चित्रपट या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ‘मुंज्या’ची कथा कोकणातील पिंपळाशी, सोडमुंजीआधी मेलेल्या मुलाच्या अतृप्त इच्छेशी जोडलेली आहे. ही भीती आपल्या प्रदेशात आजीच्या गोष्टींतून मुरलेली असते. परक्या दिग्दर्शकाने तिचे साचेबद्ध भूत केले असते. सरपोतदार यांनी मुंज्याचा हट्ट हा लहान मुलाचाच हट्ट ठेवला. त्यामुळे तो भयंकर असूनही ओळखीचा वाटतो. हिंदी भाषेत आणि मुंबईच्या भांडवलावर काढलेला हा चित्रपट कोकणी मातीचा वास टिकवून ठेवतो, याचे श्रेय निवडीला आहे. २०२५ मध्ये त्याच निर्मितीसंस्थेच्या ‘थामा’चे दिग्दर्शनही त्यांच्याकडेच गेले. तेथे मात्र एकाच विश्वातील इतर चित्रपटांशी सांधे जुळविण्याची जबाबदारी दिग्दर्शकावर आली आणि कथेची स्वतःची माती पातळ झाली. मालिकेचे बंधन वाढले की दिग्दर्शकाचे निवडलेपण कमी होते, हा जगभरचाच अनुभव आहे.

७. निवडीचे निकष

उपर्युक्त उदाहरणांवरून चार निकष सुचविता येतात.

पहिला निकष नात्याचा. नायकाशी दिग्दर्शकाचे नाते भक्ताचे, आप्ताचे की परीक्षकाचे? भक्ती ही पात्रता असू शकते, परंतु तीच एकमेव पात्रता झाली तर नायकाची मूर्ती होते, माणूस राहत नाही.

दुसरा निकष जाणिवेच्या घनतेचा. लोकस्मृतीत कथा किती भरलेली आहे, हे आधी मोजावे आणि मग कल्पक की ऐकणारा दिग्दर्शक हवा, हे ठरवावे.

तिसरा निकष मानवी मापाचा. दिग्दर्शकाला स्वयंपाकघर, लग्नघर, मित्रांचा अड्डा उभा करता येतो काय? असामान्याची उंची सामान्याच्या शेजारी उभी केल्याखेरीज कळत नाही. ‘संत तुकाराम’मधील जिजाई आणि ‘मिस्टर इंडिया’मधील मुले हे या मापाचे काम करतात.

चौथा निकष अधिकाराचा. शेवटचा शब्द कोणाचा, हे निवडीच्या वेळी ठरले आहे काय? नट-निर्माता, मालिकेचा आराखडा आणि बाहेरचा जमाव हे तिन्ही दिग्दर्शकाच्या खुर्चीवर हक्क सांगत असतील, तर कितीही योग्य व्यक्ती निवडली तरी ती निवड नावापुरतीच राहते.

कोकणातील हौशी नाटकमंडळींत दिग्दर्शकाला ‘तालीम मास्तर’ म्हणतात. या संज्ञेत वरील निकषांचे सार आहे. तालीम मास्तर हा गावातील माणसांचे आवाज, खोडी आणि कुवत ओळखून भूमिका वाटतो. कोणते वाक्य कोणाच्या तोंडी शोभेल आणि कोणते ऐकून पहिल्या रांगेतील म्हातारा उठून जाईल, हे त्याला ठाऊक असते. त्याची निवड त्याच्या मागील नाटकाच्या उत्पन्नावरून होत नाही, तर या जाणतेपणावरून होते. कोट्यवधींच्या निर्मितीलाही अशा जाणतेपणाची गरज संपलेली नाही. उलट साधने जितकी मोठी तितकी चूकही मोठी दिसते, हे ‘आदिपुरुष’ने दाखवून दिले.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकांनी ‘तान्हाजी’ आणि ‘छावा’ उचलून धरले, मग निवड चुकली असे म्हणण्याचा समीक्षकाला अधिकार काय? आक्षेप रास्त आहे. परंतु येथे निवड चुकली असा निर्णय दिलेला नाही. यशस्वी निवडीनेही काय मिळविले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडला आहे. ‘तान्हाजी’ने विस्मृतीत जाऊ पाहणाऱ्या एका सुभेदाराला देशभर नेले, ते करताना उदयभानाच्या रूपाने इतिहासातील गुंतागुंत सोडून दिली. ‘छावा’ने संभाजी महाराजांविषयीचे जुने गैरसमज पुसण्यास हातभार लावला; ते करताना त्यांचे हसते, खेळते रूप पडद्याबाहेर राहिले. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच वहीत असल्या पाहिजेत.

८. निष्कर्ष

महानायकपटाचा दिग्दर्शक निवडणे हा व्यापाराचा, कलेचा आणि समाजव्यवहाराचा एकत्रित निर्णय आहे. बाबूराव पेंटर यांच्या काळी कंपनी आणि दिग्दर्शक एकच असल्याने जबाबदारीही एकाकडे होती. आज ती विभागली गेली आहे आणि विभागलेली जबाबदारी सहज टाळता येते. मागील यश, परिचित नाव किंवा श्रद्धेचे प्रदर्शन यांवरून केलेली निवड कधी फळते, कधी फसते. कारण तीत कथेला विचारलेलेच नसते. कथेच्या रिकाम्या आणि भरलेल्या जागा ओळखणारा, नायकाला घरात आणि रणात सारख्याच सहजतेने पाहणारा आणि आपल्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहण्याचे स्वातंत्र्य असलेला दिग्दर्शक हाच त्या त्या कथेपुरता योग्य दिग्दर्शक होय.

आपल्या महाविद्यालयांत चित्रपटाचे अध्ययन अद्याप कथानक, अभिनय आणि साहित्यकृतीशी तुलना यांपुरतेच मर्यादित राहते. सिंहगडाच्या एकाच प्रसंगावरील शंभर वर्षांतील चित्रपटांचा क्रम इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र अभ्यासता येईल. १९२३ चा मूकपट आज त्याच्याविषयीच्या नोंदींतूनच अभ्यासावा लागेल; अलीकडचे दोन चित्रपट मात्र वर्गात शेजारी-शेजारी ठेवता येतील. उमरठ ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी ‘कोणाचा तानाजी आपल्याला ओळखीचा वाटतो आणि का?’ असा प्रश्न विचारला, तर दिग्दर्शकाच्या निवडीविषयीची जाण निर्मात्यांच्या कार्यालयात पोहोचण्याआधी प्रेक्षकांत रुजेल. जाणता प्रेक्षक दिग्दर्शकाला केवळ विरोध करत नाही, तो त्याच्याकडून अधिक मागतो. आणि मराठी महानायकपटाला आज अशा मागणीची नितांत आवश्यकता आहे.